वीस मिनिटं

'काचेची नळी,' रूथ सिस्टर म्हणाल्या,
आणि मी ट्रॉलीतली प्लास्टिकची उचलली.
हातावर चापट मारली नाही त्यांनी,
पण मला ऐकू आली.

शिराळ्याच्या दवाखान्यातली माझी तिसरी रात्र.
छबुताई खोत, वय एक्केचाळीस,
बिळाशीच्या खालच्या अंगाची वस्ती.
भाताचा शेवटचा वाफा कापताना
उजव्या घोट्यावर दोन ठिपके.
सूज जिथवर आली तिथे मी बॉलपेननं रेघ मारली,
रेघेवर वेळ : सात पाच.
दीर मोबाइल पुढे करतो. फोटो हललेला,
तरी पाठीवरची साखळी कळतेच.
'कुकरागत शिट्टी मारली बघा त्यानं,
आमाला वाटलं पलीकडच्या घरात भात शिजतोय.'

कपाटात, सलाईनच्या खोक्यांमागे,
सिस्टरांचा बिस्किटांचा जुना डबा.
आत कापसात निजवलेल्या नळ्या,
कोऱ्या, कोरड्या,
पदरच्या पैशांनी मिरजेहून आणलेल्या.
'धुतलेली चालत नाही, डॉक्टर.
साबण रक्ताला खोटं बोलायला लावतो.'

दोन मिली.
नळी उभी करून ठेवली.
'आता हात लावायचा नाही.'

मला हात लावायची सवय आहे.
साडेपाच वर्षं हेच तर शिकले :
नस शोधा, दाब मोजा, पोट चाचपा,
तोंडी परीक्षेत काहीतरी बोला, गप्प राहू नका.
गप्प राहण्याचा पेपर नव्हता आम्हाला.

चौथ्या मिनिटाला छबुताई विचारते,
म्हशीला पेंड कुणी घातली का.
नवव्या मिनिटाला सूज रेघेला टेकते,
ओलांडत नाही.
मी नळीकडे बघते. ती काही सांगत नाही.
लाल आहे, एवढंच.

सिस्टर तोवर वही काढतात. लांबट, किराणा दुकानातली,
दोऱ्यानं पेन बांधलेली.
गाव, वेळ, साप दिसला का, कोणी बघितला,
आधी कुठे नेलं, तिथे काय बांधलं,
नळीत गोठलं की नाही.
अकरा वर्षं.
मागच्या पावसाळ्यात कोणी प्राध्यापक आले,
पानापानाचे फोटो काढून घेऊन गेले.
त्यांच्या निबंधात आता तक्ता तीन आहे,
चारशे बारा माणसं, दशांश चिन्हासकट टक्के,
आणि शेवटी आभार : स्थानिक कर्मचारी.
'वाचलंत तुम्ही?'
'इंग्रजी आहे हो. पण एकोणतिसाव्या नंबरचा पोरगा
आता एसटीत कंडक्टर लागलाय.
सुट्टे नसले तरी माझ्यावर ओरडत नाही.'

पंधरा.
सोळा.
दीर चहा आणतो, सगळ्यांना, छबुताईलाही.
सिस्टर तिचा कप अलगद काढून घेतात,
स्वतः पितात.

विसाव्या मिनिटाला, एकदाच, तिरपी केली.
रक्त पाण्यासारखं घरंगळलं
काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मग हात सुटले.
दहा कुप्या, पांढरी भुकटी, त्यात पाणी.
मी खळखळून हलवायला घेतली तर मनगट धरलं त्यांनी :
'फेस होतो. दुधात साय धरल्यासारखं फिरवा.'
ॲड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं, माझ्या नकळत.
पहिले थेंब सावकाश. अंगावर पित्त उठतंय का,
आवाज बसतोय का.
म्हशीचं पुन्हा विचारलं तिनं,
तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

रात्री दीडला दुसरी नळी.
या वेळी काचेची मीच काढली डब्यातून,
मीच उभी केली, मीच मागे सरले,
हात ॲप्रनच्या खिशात कोंबून.
बाहेर कुत्री, पंख्याची कुरकुर,
खोतांचा दीर बाकावर आडवा.
सिस्टर खुर्चीत, मान कलंडलेली,
चष्मा पोटावर.
भिंतीवर काटा आला जागेवर.
मी हात बाहेर काढला.

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या,
'अजून दोन मिनिटं.
ते घड्याळ पुढं आहे.'